अप्पांचे नऊ दिवस

मोहाची गोष्ट सांगते म्हटलं, की लोक सरसावून बसतात. आता दारू येणार, जुगार येणार, गेला बाजार एखादा परका पुरुष तरी येणार, असं त्यांना वाटतं. आमच्या चर्चमध्ये साक्ष द्यायला उभी राहणारी माणसंही मोठमोठे मोह सांगतात आणि शेवटी रुमाल काढतात. माझ्या मोहात तसलं काही नव्हतं. त्यात टिकल्यांचं एक पाकीट होतं, डझनभर चांगल्या स्वभावाच्या बायका होत्या आणि मराठी भाषा होती. हा मोह ज्यांना किरकोळ वाटतो त्यांनी परमुलखात मराठीचा शब्द कानावर न पडता राहून दाखवावं, मग माझ्याशी वाद घालायला यावं.

दोन हजार सालानंतरची तीन-चार वर्षं उलटली असतील. नवऱ्याची बदली जयपूरला झाली. त्याचं ऑफिस शहरातल्या झालाना भागात, आणि आम्ही राहायचो राजा पार्कमध्ये, एका पंजाबी बाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर. तो सकाळी नऊला जाई तो संध्याकाळी सातला उगवे. मूलबाळ अजून नव्हतं. खालच्या बाई प्रेमळ होत्या, पण त्यांचं सगळं प्रेम हिंदीतून आणि पंजाबीतून. माझी हिंदी शाळेतली. भाजीवाल्याशी भांडताना हिंदी आधी संपायची आणि भांडण उरायचं. रविवारी आम्ही चर्चला जायचो, तिथंही हिंदीच. 'जय मसीह की' म्हणायला मी शिकले, पण डोळे मिटले की माझी प्रार्थना मराठीत सुरू व्हायची आणि शेजारच्या मोठ्या आवाजातल्या हिंदीत हरवून जायची.

मी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. माझे वडील, अप्पा, तिथल्या प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि रविवारी गावातल्या लहानशा चर्चमध्ये उपदेश करायचे. संध्याकाळची जेवणं झाली की आम्हा भावंडांना ओळीनं बसवून शास्त्र वाचायला लावायचे. आमच्याकडे शास्त्र म्हणजे प्रभू येशूचं शास्त्र. एक काना चुकला तरी ओळ पहिल्यापासून. भक्ती किती झाली देव जाणे, पण मराठी अशी घासून निघाली की पुढं कॉलेजात बाई विचारायच्या, "तू मूळची पुण्याची का गं?" त्याच मराठीनं जयपुरात माझा घात केला.

एक दिवस भाजीबाजारात एक बाई वांगी निवडत होत्या. "भैया, ये सब कीड़ेवाले हैं," असं भांडून झाल्यावर त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "मेल्याला लाज म्हणून नाही." मी फस्सकन हसले. त्यांनी वळून बघितलं, आणि पुढच्या पाच मिनिटांत आम्ही दोघी पिशव्या पायाशी ठेवून बोलत सुटलो होतो. त्या एका बँक मॅनेजरच्या बायको. पंधरा वर्षं जयपुरात होत्या आणि तिथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षा होत्या. सगळे त्यांना वहिनी म्हणत, मीही म्हणायला लागले. त्यांनी मला पहिल्याच दिवशी "अगं" म्हटलं. त्या एका "अगं"साठी मी तेव्हा काहीही दिलं असतं. पुढं दिलंही.

आमचं आडनाव महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात सापडेल असं. आपल्या माणसांना आडनाव ऐकलं की पुढचं सगळं आपोआप कळतं, जात, कुलदैवत, अगदी आमटीतला मसालासुद्धा. वहिनींनाही कळलं. त्यांनी काही विचारलंच नाही आणि मी काही सांगितलंच नाही.

घरी नवऱ्याला बोलले. तो वरणभात कालवता कालवता म्हणाला, "विचारलं तर सांग. कुणी विचारत नसताना गळ्यात पाटी अडकवून हिंडायचं काय कारण?" नवरा माझा सज्जन माणूस, त्याला कुठंच वाद नको असतो. सैतान शिंगं लावून आला असता तर मी त्याला जिन्यावरूनच ढकलला असता. समोर वरणभात खाणाऱ्या, थकून आलेल्या माणसाच्या तोंडून तो बोलायला लागला, तेव्हा मी त्याला वर तूप वाढलं.

गणपतीत मंडळाकडे पेटी वाजवणारं कुणी नव्हतं. मी वाजवते म्हटलं. आरतीला पेटी वाजवण्यात पाप आहे की नाही हा वाद मला घालायचा नाही, दोन्हीकडच्या शहाण्यांनी घालत बसावा. "कुठं शिकलीस गं?" असं वहिनींनी विचारल्यावर "आमच्या गावच्या भजनात," असं मी म्हणाले, ते पाप. शब्दाला शब्द खरा होता. आमच्या चर्चमध्ये टाळ-तबल्यावर भजनंच होतात. भजन कुणाचं, तेवढं मी गिळलं. अर्धं खरं बोलायची सवय लागली की पुरं खोटं बोलायला वेगळी शिकवणी लावावी लागत नाही.

मग टिकली आली. सगळ्यांच्या कपाळावर असायची आणि माझंच कपाळ ओकंबोकं दिसायचं. राजा पार्कच्या बाजारातून पाकीट आणलं. माझ्या गळ्यात सासरच्या रीतीप्रमाणे काळ्या मण्यांची पोत होती आणि तिच्यात नखाएवढा क्रूस. मंडळात जाताना मी पोत फिरवून क्रूस मागं मानेवर, अंबाड्याखाली टाकायला लागले. ऑक्टोबरच्या उकाड्यात तिथं तो घामानं टोचायचा. टोचू दे म्हणायची.

मग वर्ग आला. मंडळातली मुलं देवनागरी वाचायची, पण हिंदीच्या चालीवर, आणि मराठी बोलताना निम्म्यात अडायची. "काकू, मतलब, मला ते येतं पण बोलता नाही येत," अशी गत. वहिनींनी वर्ग काढायचं ठरवलं आणि शिकवायला मला धरलं. वेळ ठरली रविवारी सकाळी नऊ ते अकरा. चर्चची वेळही तीच. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि मी "चालेल की" म्हणाले. अकरा मुलं यायला लागली. चर्च सुटलं.

शास्त्रात एका शिष्याची गोष्ट आहे. गुरूला पकडून नेलं तेव्हा हा अंगणातल्या शेकोटीपाशी जाऊन बसला आणि "तू त्याच्यातलाच ना?" असं विचारणाऱ्यांना तीनदा म्हणाला, मी त्या माणसाला ओळखत नाही. त्याची बोली त्याला उघडं पाडत होती, माझी मला झाकत होती. लहानपणी ही गोष्ट वाचताना मला त्या शिष्याचा भयंकर राग यायचा. इतका कसा भित्रा, असं मी अप्पांना विचारायचे. अप्पा म्हणायचे, "थंडी होती बाई. शेकोटी सोडवत नसते."

संक्रांत झाली आणि तिसऱ्या दिवशी आई आली. जयपुरात तेव्हा अख्खं शहर पतंग घेऊन छतावर असतं आणि "वो काटा!"च्या आरोळ्या उतरायला आठवडा जातो. आई दोन गाड्या बदलून आली होती. बरोबर बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि अप्पांनी स्वतःच्या हातानं चोळून वाळवलेला हुरडा. अप्पा आले नव्हते, कारण शेळी व्यायला झाली होती आणि रविवारचा उपदेश करायला दुसरं कुणी नव्हतं. आईचं हे जयपूरला पहिलंच येणं. शुक्रवारी वहिनींकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि त्यांनी आवर्जून फोन केला, "आईंना घेऊनच ये."

आमची आई कुंकू लावत नाही. तिच्या सासूनंही कधी लावलं नाही. लग्नात तिला पोत नाही, अंगठी घातली होती. ती बोट सुजलं तेव्हा सोनाराकडून कापून काढावी लागली. हातात बांगडी नाही, कारण गोठ्यात काम करताना फुटते. आणि पांढरं आमच्याकडे मानाचं. तिची लग्नातली साडी पांढरी होती, माझीही होती. अध्यक्षीणबाईंनी मुद्दाम बोलावलंय म्हटल्यावर आईनं ट्रंकेतली सगळ्यात चांगली साडी काढली. पांढरीशुभ्र, निळ्या बारीक काठाची. इस्त्री करताना ती गुणगुणत होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल, मी कळू दिलं नाही.

वहिनींच्या छतावर सतरंज्या घातल्या होत्या. सगळ्या बायका काळ्या साड्यांत आणि मधोमध माझी पांढरी आई. ती एकेकीला हात जोडून "सलाम" म्हणाली, आमच्याकडे तसंच म्हणतात. बायकांना ती गावाकडची पद्धत वाटली आणि कौतुकच वाटलं. वहिनी करंडा घेऊन एकेकीला कुंकू लावत आल्या. मला लावलं. आईपाशी आल्या आणि थांबल्या. त्यांनी आईचं कपाळ बघितलं, गळा बघितला, हात बघितले, साडी बघितली. मग माझ्याकडे वाकून अगदी हळू विचारलं, "आईंचे यजमान...?"

आता ते जिवंत आहेत म्हणावं, तर हे कपाळ असं का, ते सांगावं लागणार. ते सांगितलं की गावचं भजन, फिरवलेली पोत आणि रविवारचा वर्ग सगळंच चव्हाट्यावर येणार. एवढा हिशेब माझ्या डोक्यात एका क्षणात झाला. मी मान खाली घातली.

"किती झाले गं?" त्यांनी विचारलं.

"तीन वर्षं," मी म्हणाले. तीन वर्षांपूर्वी अप्पा नोकरीतून निवृत्त झाले होते. जिभेला तेवढाच आकडा हाताशी सापडला.

वहिनींनी माझा खांदा दाबला. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. त्यांनी आईला तिळगूळ दिला, दोन संत्री दिली, "मावशी, तुम्ही इकडं उन्हाला बसा," म्हणून खुर्ची दिली आणि पुढच्या बाईकडे गेल्या. आईला वाण नाही, कुंकू नाही. आई खुर्चीत बसून आकाशातले पतंग बघत राहिली.

घरी येताना ती रस्ताभर पतंगच बघत होती. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. आमच्या फाटकाशी आल्यावर ती थांबली.

"तुझा बाप कव्हा वारला गं?"

मी फाटकाची कडी उघडायला लागले.

"मला कळवायचं तरी," ती म्हणाली. "सकाळीच त्यांचा फोन आला व्हता. शेळीला दोन करडं झाली म्हणत व्हते. मेल्यावर माणूस करडं मोजत न्हाई."

"आई, तसं नाही..."

"मग कसं? आख्खा जन्म गावात काढला म्या. हळदीकुंकवात कसल्या बाईला वलांडतात ते मला शिकवू नको." आई कधी ओरडत नाही. तेव्हाही ओरडली नाही. "तू येशूला नाकारलंस, ते तो बघून घेईल. त्याला सवय हाय. माझ्या नवऱ्याला मारायचा हक्क तुला कुणी दिला?"

मी रडायला लागले. तिनं रडू दिलं. खालच्या पंजाबी बाई खिडकीतून बघत होत्या, त्यांनाही बघू दिलं.

"अप्पांना सांगणार आहेस?" मी शेवटी विचारलं.

"म्या का सांगू? मारलंस तू. तूच सांग."

आणि ती जिना चढून वर गेली, बाजरीचं पीठ मळलं आणि भाकऱ्या थापल्या. मला वाटलं होतं, आता ती पिशवी भरेल आणि परतीच्या गाडीचं विचारेल. पण तिनं दुसऱ्या दिवशी खालच्या बाईंकडून गाजराचा हलवा शिकायचं ठरवलं. तिला जायचं नव्हतं. आपण काही चूक केलेली नसताना आपण का जायचं, असा तिचा सरळ न्याय होता.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. आईला चर्चला जायचं होतं. मी वहिनींना निरोप धाडला की मला सर्दी झाली आहे, आज वर्ग होणार नाही. म्हणजे देवाच्या घरी जायलासुद्धा मी खोटंच बोलले. माझ्या धर्माची तेव्हा एवढी दशा होती.

चर्चमध्ये गीत सुरू झालं. चाल ओळखीची, शब्द हिंदी. आईला हिंदी येत नाही. मला वाटलं, ती ओठ मिटून उभी राहील. तिनं छाती भरून घेतली आणि त्याच चालीवर मराठी शब्द म्हणायला लागली. हळू नाही. शेतातून घरी हाक मारावी तशा आवाजात. पुढच्या दोन रांगांतली माणसं वळून बघायला लागली. मी तिच्या कोपराला हात लावला, म्हटलं, "आई, हळू." तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या कडव्याला तिचा आवाज आणखी चढला. त्या हॉलभर माणसांत ती एकटी मराठीत गात होती आणि तिला त्याचं काहीही वाटत नव्हतं. मी तिचा कोपर सोडला. तिसऱ्या कडव्याला मी तोंड उघडलं तेव्हा आवाज फाटला, पण शब्द पाठ होते. अप्पांनीच पाठ करून घेतले होते. कित्येक महिन्यांनी माझी प्रार्थना मधे न अडता पुरी झाली. तिच्यात मागणं एवढंच होतं: मला धीर दे, आणि देणार नसशील तर निदान मला सुखानं झोपू देऊ नकोस.

हे दुसरं मागणं लगेच ऐकलं गेलं. दुपारी एकला अप्पांचा नेहमीचा रविवारचा फोन आला. "पायात मोजे घालतेस ना? तिकडं थंडी वाईट असते म्हणे." मेलेल्या बापाचा तो ठणठणीत आवाज ऐकवेना. "घालते अप्पा," म्हटलं आणि फोन आईकडे दिला.

वहिनींच्या हळदीकुंकवातच ठरलं होतं, की पुढच्या रविवारी दुपारी माझ्याकडे. वाणाला म्हणून मी चहाच्या गाळण्याही आणून ठेवल्या होत्या. आठवडाभर मी त्या गाळण्यांकडे बघत होते. शनिवारी नवरा म्हणाला, "या वर्षी उरकून टाक. पुढच्या वर्षी बदली आहेच. नव्या गावात पहिल्यापासून नीट सांगू."

"आणि नव्या गावात कुणी हळूच विचारलं, तर तिथंही अप्पांना मारू? का या खेपेला तुझ्या वडलांची पाळी?"

तो ताटावरून उठला. पण रविवारी सकाळी त्यानंच छत झाडलं, सतरंज्या वर नेल्या आणि टाकीवर अडकलेला एक फाटका पतंग काढून टाकला. जाताना म्हणाला, "मी खाली थांबतो. लागलं तर हाक मार." त्याच्याकडून तेवढं पुष्कळ होतं.

त्या दिवशी मी टिकली लावली नाही. पोत सरळ केली, क्रूस पुढं घेतला. आईनं तीच पांढरी साडी नेसली. मी करंडा ठेवला नव्हता, फक्त तिळगूळ, गाळण्या आणि गाजराचा हलवा. मला वाटलं, बायका आल्या आल्या बघतील, विचारतील, आणि विचारलं की मी सांगेन. सगळं बोलणं तयार होतं. कुणी नाक मुरडलं तर काय सुनवायचं तेही तयार होतं. पण कुणी बघितलंच नाही. बायका आल्या, बसल्या, गुजराती फरसाणापासून मुलांच्या परीक्षांपर्यंत बोलत सुटल्या. माणसाला जे दिसायचं ठरलेलं असतं तेच दिसतं.

मग वहिनी माझ्याकडे वळल्या. "अगं, टिकली पडली बघ तुझी," म्हणाल्या आणि पर्समधून पाकीट काढलं. एक टिकली बोटाच्या टोकावर घेतली आणि दुसऱ्या हातानं माझी हनुवटी धरली. माझ्या आईनं लहानपणी पावडर लावताना धरावी, तशी.

सबंध गोष्टीत सगळ्यात कठीण जागा ती होती. समोर कुणी वैरी नव्हता. मायेचं बोट होतं, आणि नुसतं गप्प बसायचं होतं.

मी त्यांचं मनगट धरलं. "पडली नाही वहिनी. मी लावत नाही. आम्ही ख्रिस्ती आहोत." आवाज इतका मोठा निघाला की शेजारच्या छतावरच्या माणसानं मांजा ओढायचं थांबवून बघितलं. "आणि माझे वडील जिवंत आहेत. मी तुमच्याशी खोटं बोलले. त्यांना दम्याशिवाय काहीसुद्धा झालेलं नाही."

एक बाई हसली, तिला ती थट्टा वाटली. एक म्हणाली, "अगं, मग त्यात काय एवढं?" दोघी-तिघींनी हातातल्या बशा हळूच खाली ठेवल्या. त्यांतल्या एकीनं नंतर पाणीसुद्धा घेतलं नाही. ते मी बघितलं, आणि मला वाटलं होतं तेवढं लागलं नाही.

वहिनी मात्र टिकली बोटावर घेऊन तशाच बसल्या होत्या. मी वाट बघत होते. म्हणू देत काय म्हणायचं ते, असं मनात होतं.

"म्हणजे त्या दिवशी मी सवाष्णीला ओलांडलं," त्या म्हणाल्या.

मी त्यांचं मनगट सोडलं.

"ख्रिश्चन असशील, आणखी कुणी असशील. माझी मोठी बहीण ख्रिश्चन शाळेत मास्तरीण होती, मला त्याचं काही नाही. पण माझ्या दारात, संक्रांतीला, नवरा जिवंत असलेल्या बाईला मी विधवा म्हणून बाजूला बसवलं. ते माझ्या हातून तू करवलंस." त्यांनी आईकडे बघितलं. "मी त्यांच्यासाठी रडले गं त्या रात्री."

मी माझं पाप मोजत बसले होते, माझा देव, माझे अप्पा, माझी टिकली. या बाईच्या श्रद्धेला मी तिच्याच हातांनी बट्टा लावला होता, हे माझ्या प्रार्थनेत एकदाही आलं नव्हतं. "चुकलं वहिनी," एवढंच मला म्हणता आलं. ते मात्र पुरं खरं होतं.

वहिनी उठून आईसमोर जाऊन उभ्या राहिल्या. काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. कुंकू लावता येत नाही आणि न लावता परतताही येत नाही.

आईनं त्यांचा हात धरला. "बाई, त्ये सवाष्ण-बिवाष्ण म्या जाणत न्हाई. मालक हायेत. कुंकू मला नको, पहिल्यापासून न्हाई. तू तिळगूळ दे अन् हितं बस माझ्यापाशी. हलवा म्या केलाय."

वहिनींनी टिकली परत पाकिटाच्या कागदावर चिकटवली. तिळगूळ दिला. बसल्या. हलवा अर्धाच खाल्ला, पण खाल्ला. जाताना आईला वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाल्या, "येते. तुम्ही खाली येऊ नका, जिना अंधारा आहे."

तुम्ही. त्या दिवसापासून आमची बदली होईपर्यंत त्यांनी मला पुन्हा कधी "अगं" म्हटलं नाही. मी त्यांना दोष देत नाही आणि मला त्याचं दुःख झालं नाही असंही म्हणणार नाही, फार झालं. रविवारचा वर्ग मी शनिवारी दुपारी नेला आणि कारण स्पष्ट सांगितलं, रविवारी मी चर्चला असते. अकरातली चार मुलं उरली. त्यांत वहिनींची मुलगी होती. ती शेवटपर्यंत आली आणि चुकली की ओळ पहिल्यापासून वाचायची.

यापुढं मी पाक झाले असं कुणी समजू नये. त्यानंतर तीन गावं बदलली. प्रत्येक गावात पहिल्या आठवड्यात कुणीतरी आडनाव विचारतं, हसतं, आपलं मानतं, आणि ती ऊब अजूनही मला हवीहवीशी वाटते. मी सांगून टाकते. कधी चहा गार व्हायच्या आत सांगते, कधी दुसऱ्या भेटीत. आधी कित्येक महिने लागले होते. मला माझी वाढ मोजायला एवढी पट्टी पुरते, कुणाला कमी वाटत असेल तर वाटो.

त्या रविवारी बायका गेल्यावर मी सतरंज्याही न गुंडाळता खाली आले आणि गावी फोन लावला. एरवी अप्पा दुपारी एकला फोन करायचे, त्या दिवशी मीच "नंतर करते" म्हणून ठेवून दिला होता.

"अप्पा, मी इथं तुम्हाला मारलं होतं," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. पेटी, टिकली, रविवार, मान खाली घातली ते, तीन वर्षं म्हणाले ते. काही लपवलं नाही. पलीकडे दम्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"किती दिवस मेलो होतो?" त्यांनी विचारलं.

"नऊ."

"नऊ?" अप्पा म्हणाले. "प्रभू तिसऱ्या दिवशी उठला. माझ्या कबरेवरची धोंड एवढी जड होती का गं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आता उठलोय ना?"

"उठलात, अप्पा."

"मग आईला फोन दे. करडाचं औषध कुठं ठेवलंय ते विचारायचंय."